मदत हवी आहे: ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी वॉकीटॉकी घ्यायचेत, लायसन लागतं का?

पंचवटीकर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा, आमचं सगळं घोडं एकाच जागी अडलंय.

आम्ही पंचवटीतले पंधरा-सोळा जण दरवर्षी तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीत चहापाणी आणि प्रथमोपचाराचं काम करतो. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे, रविवारी रात्रीच लोक त्र्यंबकला कुशावर्तावर आंघोळ करून निघतात, छोटी फेरी म्हटली तरी वीसेक किलोमीटर, वरून पाऊस, खाली चिखल आणि रस्ता माणसांनी भरलेला. मोबाईलला टॉवर फुल दिसतो पण कॉल लागत नाही, मेसेज टाकला तर सकाळी पोचतो.

मागच्या वर्षी वाटेतल्या पहिने गावाच्या पुढे उतारावर एक आजी घसरल्या, मनगटच गेलं. आमचं स्ट्रेचर आणि औषधाची पेटी मागच्या टेबलावर, दीडेक किलोमीटर मागे. एक पोरगा गर्दीच्या उलट पळत गेला आणि सामान यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर मी त्यांचा हात माझ्या उपरण्यात धरून बसलेलो. हात सुजत होता आणि काचेच्या बांगड्या फोडल्या तरी आतली एक पाटली तशीच रुतत चालली होती, साबण लावून निघाली असती पण साबणही त्या पेटीत. आजी एकच म्हणत होत्या, बाळा पाटली कापू नको, आईची आहे. ते काही डोक्यातून जात नाही.

म्हणून यंदा वॉकीटॉकी घ्यायचं ठरलं. एका दुकानदाराने दोन सेट ट्रायलला दिले, म्हणाला लायसन-बियसन काही लागत नाही, सगळेच घेतात. सेटच्या मागे स्टिकर आहे, १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ, ५ वॉट. आमच्यातले एक काका ओझरला नोकरी करून रिटायर झालेत, त्यांनी स्टिकर वाचला आणि म्हणाले हा चालू सुद्धा करू नकोस, एकीकडे देवळालीची छावणी, दुसरीकडे ओझरचा विमानतळ. तेव्हापासून सेट कपाटात आहेत.

तर विचारायचं असं की लायसन खरंच लागतं का, लागतं तर कुठून काढायचं, सेवाकार्याला काही सवलत असते का, आणि एकाने हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन काढलं तर बाकीचे त्याच्यावर बोलू शकतात का? कोणी हे केलं असेल तर प्लीज नीट सांगा, श्रावणाला फार दिवस नाहीत.

बिनतारी_नाशिक

दादा, काकांचे पाय धरा. मी हॅम आहे, परवाना काढून बरीच वर्षं झाली.

आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून नियम असा की ट्रान्समीटर वापरणं लांबच, नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो, आणि विनापरवाना सापडलं तर त्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय पण सूत्र तेच, आधी परवानगी किंवा सूट, मग सेट. हे सगळं बघतो दूरसंचार खात्याचा डब्ल्यूपीसी विभाग, दिल्लीला, आणि अर्ज सरल संचार पोर्टलवर होतात.

तुमचा सेट १३६ पासून सुरू होतो म्हणताय ना, विमानं आणि टॉवर यांचं बोलणं १३७ पर्यंत चालतं. म्हणजे चुकून बटणं दाबली गेली तर तुम्ही थेट त्यांच्या पट्ट्यात. बाकी पट्ट्यात पोलीस, रेल्वे, सरकारी खाती. चायना सेटमध्ये आधीच भरून आलेले चॅनल असतात ते कोणाच्या फ्रिक्वेन्सीवर बसलेत हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

सूट आहे पण ती ठरावीक पट्ट्यांना. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे, अर्ध्या वॉटचे सेट लायसनमुक्त केलेत. मात्र त्या मॉडेलला ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची मंजुरी पाहिजे. आणि एक गैरसमज काढून टाका, ५ वॉटचा सेट ४४६ वर लावला की झाला लायसनमुक्त, असं नाही. सूट त्या कमी ताकदीच्या सेटला आहे, नुसत्या आकड्याला नाही.

हॅमचं विचारलंत. एकाच्या परवान्यावर बाकीचे बोलू शकत नाहीत, बोलणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचा परवाना आणि स्वतःचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, लागतो. परीक्षा आहे, एक पेपर, अर्धा रेडिओचं तंत्र आणि अर्धा नियम. वय १२ पूर्ण पाहिजे. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची लिपी) नाही, जनरल ग्रेडला मिनिटाला ८ शब्द मोर्स घ्यावा आणि पाठवावा लागतो. आपल्याला जवळचं केंद्र मुंबई. पास झाल्यावर पोलीस व्हेरिफिकेशन, त्यात वेळ जातो, त्यामुळे यंदाच्या श्रावणासाठी तो रस्ता विसरा. शिवाय हॅमवर कुठल्याही संस्थेचं रोजचं कामकाज चालवता येत नाही, ते शिकण्यासाठी, प्रयोगांसाठी आणि आपत्तीत मदतीसाठी आहे. गंगासागर मेळ्यात हॅम मंडळी हरवलेली माणसं घरच्यांना गाठून देतात, तसं काम आपल्याकडे २०२७ च्या सिंहस्थात व्हावं असं मला मनापासून वाटतं, पण त्यासाठी पोरांनी आत्तापासून परीक्षा द्यायला हव्यात.

मंडपवाले_गंगापूररोड

आम्ही मोठ्या कार्यक्रमांचं काम घेतो म्हणून एकदा संस्थेच्या नावाने स्वतःची फ्रिक्वेन्सी घ्यायला गेलो होतो. हे होतं, अशक्य नाही, पण तुमच्या कामाला झेपणार नाही असं वाटतं. संस्थेचे कागद, किती सेट, किती वॉट, कुठल्या भागात वापरणार हे सगळं नकाशासकट, मग फ्रिक्वेन्सी मिळते, बेस किंवा रिपीटरचा अँटेना उभारायचा तर त्याची सॅक्फाची, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाटपाच्या सरकारी सल्लागार समितीची, वेगळी मंजुरी, आणि त्यानंतर दरवर्षी रॉयल्टी भरत राहायची, वापरा नाहीतर नका वापरू. आमच्या अर्जात नोंदणीच्या कागदावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळेना, त्यातच दोन महिने गेले, तेव्हा कागद आधी तपासा.

दुसरं, कोणी भाड्याने देतो म्हणाला तर आमच्याकडे डीलर लायसन आहे यावर गप्प बसू नका. डीलरचा परवाना त्याने माल ठेवायला आणि विकायला असतो, तो तुम्हाला चालवायची परवानगी देत नाही.

सिमवाले वॉकीटॉकी पण मिळतात, त्यांना हे वायरलेस लायसन नको कारण ते मोबाईल नेटवर्कवरच चालतात. पण तुमचा त्रासच नेटवर्क जाम होण्याचा, मग ते घेऊन काय उपयोग.

गडवाटा_ताई

दादा तुमची आजींची गोष्ट वाचून गलबललं.

आमच्या ट्रेकिंग ग्रुपकडे ४४६ चे चार सेट आहेत. हरिहर गडाला पायऱ्यांच्या खाली एक आणि वर दरवाजाशी एक असा ठेवतो, वरून उतरणारे थांबवले की खालून चढणारे सोडायचे. तिथे आवाज अगदी स्वच्छ येतो कारण समोरासमोर दिसतं. पण खोक्यावर लिहिलेल्या किलोमीटरवर अजिबात जाऊ नका. मोकळ्या माळावर दीड-दोन किलोमीटर मिळतं, झाडी किंवा डोंगराचं वळण मध्ये आलं की पाचशे मीटरवर खरखर. आणि तुमच्या फेरीत तर अख्खा ब्रह्मगिरीच मधोमध उभा आहे, पहिन्याकडून सापगावच्या अंगाला थेट बोलणं या सेटने होणारच नाही, कितीही चांगला घ्या.

मी तुमच्या जागी असते तर साखळी केली असती. प्रत्येक वळणावर एक माणूस, मागचा आणि पुढचा दोघेही ऐकू येतील असा, आणि निरोप पुढे ढकलायचा. निरोप आखूड ठेवा, ठिकाण आधी मग काय पाहिजे ते, आणि पुढच्याने तो जसाच्या तसा परत बोलून दाखवायचा. तिसऱ्या माणसाकडे जाईपर्यंत मनगटाचा गुडघा होतो हे आम्ही अनुभवलंय.

घेताना सेटवर फ्रिक्वेन्सी आणि ईटीए दोन्ही बघा. ऑनलाइन विक्रीत हे स्पष्ट लिहायलाच पाहिजे अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये काढलीत, ज्याने लिहिलं नाही त्याच्याकडून घेऊच नका.

कॅम्पस_मखमलाबाद

इलेक्ट्रॉनिक्सला आहे, एक वेगळा पर्याय सांगतो. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा पण लायसनमुक्त आहे, १ वॉटपर्यंत. त्यात लोरा नावाच्या, कमी ताकदीत लांब पोचणाऱ्या रेडिओ तंत्रावर चालणारे छोटे बोर्ड येतात, फोनला ब्लूटूथने जोडायचे आणि नेटवर्क नसताना मेसेज टाकायचे, मधला बोर्ड निरोप आपोआप पुढे पाठवतो. म्हणजे ताईंची साखळी, फक्त माणसाऐवजी बोर्ड. बोलता येत नाही, मजकूरच जातो, आणि मंजुरी असलेलाच बोर्ड घ्या, सेटिंगमध्ये भारताचा पट्टा निवडा. ओल्या हाताने टाइप करणं अवघड जाईल हे मात्र खरं.

पंचवटीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दोन्ही सेट दुकानात परत दिले. तो थोडा कुरकुरला, पण मी स्टिकरवरचा आकडा दाखवल्यावर घेतले.

आमचं ठरलंय ते असं. ४४६ चे सहा सेट, वर्गणी काढून. पूर्ण फेरीचा हट्ट सोडला, फक्त पहिन्याच्या अलीकडचा आणि पुढचा घसरडा टप्पा साखळीत घ्यायचा, कारण लोक पडतात ते तिथेच. बाकी टेबलं पोलिसांच्या पॉइंटला लागून लावू द्या असं पत्र त्र्यंबकच्या पोलीस ठाण्याला देतोय, त्यांच्याकडे त्यांचा वायरलेस असतोच, तातडीचं काही असलं तर त्यांच्यामार्फत जाईल. आणि बिनतारी दादा, आमच्यातली तीन पोरं रिस्ट्रिक्टेडच्या परीक्षेला बसायला तयार आहेत, तुम्हाला व्यक्तिगत निरोप टाकलाय, जरा बघा.

ताई, एकच राहिलं. धो-धो पावसात सेट कसे ठेवता? पिशवीत घातला तर आवाज दबतो.

गडवाटा_ताई

पातळ पिशवी, तोंड खाली करून, आणि रबरबँड अँटेनाच्या बुडाशी, बटणावर नाही. ते नीट बघा. एकदा आमच्या एकाचं रबर बोलायच्या बटणावर बसलं, बटण दाबलेलंच राहिलं आणि अर्धा तास कोणालाच बोलता येईना, चॅनलवर नुसता पावसाचा आवाज. निघायच्या आधी रविवारी संध्याकाळी प्रत्येकाच्या पिशवीवरून हात फिरवून बघायचा, आम्ही तसंच करतो. तुमची साखळी लावून बघायची असेल तर सांगा, या रविवारी आमचे दोघं पहिन्याला येऊ शकतात, चारही सेट घेऊन.