प्रतिसाद: ढोलावर म्हण वाजते
नुसत्या तालवाद्यांवर म्हण कशी वाजवणार, असं वर विचारलंय. घानातल्या अकान लोकांचं अतुम्पान ऐका. ढोलांची जोडी, एक चढ्या आवाजाचा, एक खालच्या. त्यांच्या ट्वी भाषेत स्वर बदलला की अर्थ बदलतो, म्हणून बोलण्यातले चढउतारच ढोलावर उतरतात. ‘वाट नदीला ओलांडते, नदी वाटेला; थोरलं कोण?’ हे तर खास ढोलावरचंच. (आपल्या तबल्याच्या बोलांना असा अर्थ नसतो.)

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइख १९७० साली घानात तिथल्या एवे लोकांचं ढोलवादन शिकला, १९७१ साली ‘ड्रमिंग’ ही रचना पूर्ण केली. तिच्यात म्हणी नाहीत, पण एवे वादनाची नक्कलही नाही. बोंगोंवर (छोटे जोडढोल) १२ मात्रांच्या आवर्तनात आधी एकच आघात, मग विरामांच्या जागी एकेक भरत जातो. मला तरी पुढच्या ग्लॉकेनश्पीलच्या (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) भागापेक्षा हाच भाग जास्त आवडतो.