‘सुरभि’ला पाठवायचे पोस्टकार्ड दोन रुपयांचे का होते?

धानबांधी (साकोली तालुका)
घराची डागडुजी करताना आईच्या पेटीत, रोवणीच्या मजुरीचा हिशेब असलेल्या वहीत दाबून ठेवलेले एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर ‘प्रतियोगिता पोस्टकार्ड’ असे छापलेले असून किंमत 2 रुपये आहे. पत्ता लिहिलेला नाही. कोपऱ्यात वडिलांनी पेन्सिलीने ‘सुरभि’ एवढेच लिहिले आहे. साधे कार्ड तेव्हा 15 पैशांना मिळत असे. मग ‘सुरभि’ या दूरदर्शनवरील कला-संस्कृतीच्या कार्यक्रमासाठी तेरा पटींहून अधिक पैसे का मोजावे लागत?

टपालकाका
मी त्या काळी पोस्टात नोकरीला होतो, म्हणून सांगतो. प्रश्नाचे उत्तर कार्डावर लिहून पाठवायचे, सोडतीत नाव निघाले तर सहलीचे बक्षीस मिळायचे, असा तो प्रकार होता. एकेक माणूस दहा-दहा कार्डे नेत असे. 1993 साली तर एका आठवड्यात 14 लाखांहून अधिक पत्रे ‘सुरभि’कडे गेली. गरिबाला खुशाली कळवता यावी म्हणून टपाल खाते साधे कार्ड तोट्यात विकत होते. त्याच दरात लाखो कार्डांची ने-आण करणे परवडणारे नव्हते. म्हणून स्पर्धांसाठी वेगळे, महाग कार्ड निघाले. ते सर्वच स्पर्धांना लागू होते, परंतु निमित्त ‘सुरभि’चेच मानले जाते.

मंडईचा प्रेक्षक
काकांचे म्हणणे बरोबर आहे. पण लोक केवळ बक्षिसासाठी लिहीत होते, असे मला वाटत नाही. 1990 ते 2001 या काळात ‘सुरभि’चे 415 भाग झाले. रविवारी रात्री आमच्या गावातील एकमेव टीव्हीपुढे ओसरी भरून जाई, आणि चित्राला मुंग्या आल्या की एक जण बाहेर जाऊन अँटेनाचा बांबू फिरवत असे. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे हिंदीत बोलत, त्यातील निम्मे वडीलधाऱ्यांना कळत नसे. (रेणुकाताई मराठी आहेत, याचा मात्र सर्वांना अभिमान!) तरीही चाकावर माती चढवणारा कुंभार किंवा मागावर बसलेला विणकर दिसला की ओसरी शांत होई. दंडार हे लोकनाट्य करणाऱ्या आमच्या माणसांना आपली कला म्हणजे दिवाळीनंतर मंडईत (गावच्या जत्रेत) रात्र काढण्याचे साधन, एवढेच ठाऊक होते. तशाच एखाद्या कलेबद्दल टीव्हीवर कोणी इतक्या आदराने बोलते, हे त्यांना नवे होते. बक्षीस नसते तरी त्यांच्यापैकी काहींनी पत्र लिहिलेच असते.

धानबांधी (साकोली तालुका)
काका, भाऊ, आभारी आहे. आज आईला विचारले. उत्तर बाबांना येत होते. गावच्या पोस्टात हे कार्ड नव्हते, म्हणून त्यांनी ते बाजाराच्या दिवशी साकोलीहून आणले आणि तोवर मुदत संपली होती. पुढच्या प्रश्नाला उपयोगी पडेल म्हणून त्यांनी ते जपून ठेवले होते.