गावरान पावट्याचं बी: पहिला तोडा बाजाराला की बियाला?

मार्कंडेयकाठ

दिवाळीनंतर बेळगावच्या बाजारात पावट्याच्या पहिल्या शेंगा उतरतात. तेव्हा जो भाव लागतो तो संक्रांतीपर्यंत टिकत नाही. साहजिकच पहिला तोडा विकला जातो, दुसराही. पुढं वेल पिवळा पडायला लागला, की शेंड्याकडच्या आखूड, किडक्या शेंगा ‘राहू देत बियाला’ म्हणून सोडतात. आमच्या पश्चिम भागात आता घरोघरी हेच चाललंय.

माझं म्हणणं सरळ आहे. असं राखलेलं बी वाणाला दरवर्षी खाली ओढतं. सगळ्यात उशिरा आलेल्या, माव्याची कीड सोसलेल्या, अर्धवट भरलेल्या शेंगांतून पुढचं पीक काढायचं आणि मग म्हणायचं, गावरान आता पूर्वीसारखं लागत नाही. लागेल कसं?

आमच्या आजीचा मांडव न्हाणीच्या पाण्यावर असायचा. फुलोरा आला की ती वेलांखालून फिरायची, पानं उलटी करून मावा बघायची, आणि मनात भरलेल्या वेलांच्या बुंध्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. त्या वेलांची शेंग आमटीत पडायची नाही. घरात पाहुणे आले तरी नाही.

ज्याला गावरान वाण टिकावा असं मनापासून वाटतं, त्यानं चिंधीच्या वेलांचा पहिला तोडा बियाला सोडावा. पावट्याला, घेवड्याला, चवळीला, सगळ्यांना हाच नियम.

खानापूर_शिवार

काय बोलालाय दादा! आजींचा मान राखून सांगतो, त्या मांडवावर घरखर्च चालत नव्हता. माझा पावटा भाताच्या बांधावर आहे. सुगीनंतर हातात येणारा पहिला सुटा पैसा तोच. चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेणाऱ्या गाड्यांना शेंग लवकर लागते, उशिरा गेली की पडेल भाव. पहिला तोडा सोडा म्हणता, म्हणजे माझ्या पोराची फी सोडा म्हणता.

आणि शेंग वेलावर वाळेपर्यंत ठेवायची म्हणजे जादा राखण. जांबोटीकडं माकडं आणि गवे काय करतात ते या भागातल्यांना विचारा.

दुसरं म्हणजे गावरान पावटा दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही. जूनमध्ये टोचा नाहीतर ऑगस्टमध्ये, फूल पावसाळा सरल्यावरच. तोवर नुसता पाला. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचे हेब्बाळ अवरे 3 आणि 4, हेसरघट्ट्याच्या बागवानी संशोधन संस्थेचे अर्का जय, अर्का विजय, यांना दिवसाच्या लांबीचं बंधन नाही. बुटके आहेत, मांडव लागत नाही, उन्हाळ्यातही शेंग देतात. पोट भरणाऱ्यानं कुठलं लावावं? गावरान राखायची जबाबदारी सगळी आमच्यासारख्यांवरच का?

बीजपारख

दोघांनाही थोडं अडवतो.

मार्कंडेयकाठ, एकाच वेलाची पहिली शेंग आणि शेवटची शेंग यांत आईबाप तेच असतात. पावट्याचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतं, मधमाशीमुळं थोडा संकर होतो तेवढाच. त्यामुळं चिंधी बांधलेल्या वेलाचा पहिला तोडा विकला म्हणून वाण बिघडत नाही. बियाला मधला तोडा सोडा. त्या वेळी वेल जोमात असतो, दाणा नीट भरतो आणि शेंग वाळायच्या दिवसांत हवा कोरडी असते. पहिल्या शेंगांवर कधी अवकाळी येतो आणि दाणा वेलावरच काळा पडतो.

खानापूरकर, तुम्ही सांगितलेले वाण चांगले आहेत आणि ते संकरित नाहीत. सरळ वाण आहेत, म्हणजे बी पेरलं की गुण तेच उतरतात, त्यामुळं त्यांचंही बी घरी धरता येतं. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचं कलम 39 शेतकऱ्याला बी राखायला, पेरायला, देवघेव करायला आणि विकायलाही मोकळीक देतं. संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली नोंदलेल्या, वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही, एवढीच अट.

मार्कंडेयकाठ

एका वेलापुरतं तुमचं बरोबर आहे, मान्य. पण बांधावर वेल एक नसतो. शेवटी हाताला लागतील त्या शेंगा गोळा केल्या, की त्यांत भरणा कुणाचा असतो? उशिरा फुललेल्या वेलांचा. लवकर येणारे वेल तोवर बाजारात रिकामे झालेले असतात. म्हणजे न ठरवता निवड होतेच, आणि ती उलट्या बाजूनं होते.

मधला तोडा चालेल म्हणता, ठीक. पण चिंधी फुलोऱ्यातच बांधली पाहिजे, यावर मी ठाम आहे. शेंगा खुडून झाल्यावर कुठला वेल आधी फुलला होता हे कुणाच्या लक्षात राहतं?

निपाणीची_सून

आमच्याकडं सगळं ऊस आणि तंबाखू. घेवड्याला जागा म्हणजे विहिरीची कड. तिथली निवड मी आणि सासूबाई करतो, बाजाराला काय जाईल ते मात्र घरातले पुरुष ठरवतात. हा धागा वाचून वाटलं, भांडण पहिल्या-मधल्या तोड्याचं नाहीच. चिंधी बांधलेल्या वेलाला सगळ्या घरानं चिंधी म्हणून ओळखलं पाहिजे. आमच्याकडं एकदा गड्यानं सगळं खुडून पाटीत भरलं होतं.

आणि कुणी भुंग्याबद्दल बोललंच नाही! शेंग किती निवडून घेतली तरी भुंग्याची अंडी शेतातूनच येतात. वरून दाणा गुळगुळीत दिसतो आणि आषाढात डबा उघडावा तर पीठ. आम्ही दाणे कडक वाळवतो. दाताखाली धरला तर दबता कामा नये, कट्‌कन फुटला पाहिजे. मग चाळलेल्या राखेत मडक्यात. खायच्या डाळीला एरंडेल चोळतो, बियाला राखच.

शहापूर_वडगाव

माझं मत तुम्हा सगळ्यांपेक्षा वेगळं आहे आणि कटू वाटेल. आमच्या दक्षिण भागात भात काढल्यावर काळ्या रानातल्या ओलीवर मसूर, वाटाणा, पावटा व्हायचा. आता बायपासला जमिनी, बल्लारी नाल्याच्या पुरात जमिनी, उरलेल्यात प्लॉट. रानच राहत नाही तिथं वाण राखा म्हणून शेतकऱ्याच्या मागं का लागायचं? दिल्लीत वाणांचं बी साठवणारी राष्ट्रीय जनुक पेढी आहे. नमुने तिकडं द्यावेत, उणे तापमानात ते वर्षानुवर्षं जगतात. शेतकऱ्याला त्याच्या मनासारखं पेरू द्यावं.

मार्कंडेयकाठ

जमिनींचं दुःख खरं आहे, त्यावर मी काही बोलू शकत नाही. पण पेढीतलं बी झोपलेलं असतं. बाहेर पाऊस सरकलाय, मावा वाढलाय, यातलं काहीच त्याला कळत नाही. बांधावरचं बी दर हंगामात या सगळ्याला तोंड देतं. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती पेरत राहिल्याबद्दल. त्यांच्याकडचे वालाचे, घेवड्याचे वाण अंगणात उगवतात, तिथून दुसऱ्यांच्या अंगणात जातात. पेढी असावी, जरूर असावी. पण तिच्या भरवशावर बांध मोकळे करू नयेत. आपल्या भागाची चव, आपल्या पावसाची सवय त्या दाण्यात आहे, ती एकदा गेली की दिल्लीहून आणून रुजवायला परत किती पिढ्या लागतील!

खानापूर_शिवार

चवीचं म्हणाल तर मीही गावरानच खातो. घरात सोललेल्या पावट्याची उसळ असली की दुसरं काही लागत नाही. म्हणून तर चिडून लिहिलं.

मधला तोडा सोडायला मी तयार आहे, पहिला नाही. पण किती वेलांचा? चार-दोन वेल म्हणाल तर जमेल, अर्धा बांध म्हणाल तर नाही.

बीजपारख

चार-दोन वेलांवर थांबू नका. गावरान म्हणजे सगळे वेल एकसारखे अशी एकच शुद्ध ओळ नव्हे. त्यात कुणी आधी येणारा, कुणी ओल सोसणारा, कुणी माव्याला कमी बळी पडणारा असतो. दोनच वेलांचं बी धरलं की बाकीचे गुण हळूहळू गळतात. त्यापेक्षा जास्त वेल निवडा आणि प्रत्येकाच्या थोड्याच शेंगा सोडा. वीस-पंचवीस वेल, दर वेलाला मूठभर शेंगा. तुमचा तोडाही फारसा कमी होत नाही आणि बांधापुरतं बी सहज निघतं.

निपाणीच्या ताईंना एक सांगायचंय. तुमचा घेवडा श्रावण घेवडा असेल, तर पानावर हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची नक्षी उठलेला, पान आक्रसलेला वेल बियाला अजिबात धरू नका. तो मोझॅक विषाणू बियातून पुढच्या वर्षी येतो आणि मावा तो रानभर पसरवतो. शेंगेवर खोलगट काळे डाग असतील तर तीही नको, करपा दाण्यातून जातो. मोझॅकचे वेल फुलोऱ्याआधीच उपटा. राखेनं यातलं काहीच मरत नाही.

निपाणीची_सून

आक्रसलेली पानं आहेत आमच्याकडं, दोन वेलांना. मला वाटलं पाणी कमी पडलं. उद्या उपटते. सासूबाईंना पटवणं अवघड आहे, त्यातला एक त्यांच्या माहेरच्या बियाचा आहे.

बीजपारख

मग तो उपटण्याआधी माहेरी जुनं बी शिल्लक आहे का ते विचारा. असेल तर ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघा. प्रमाणित बियाण्याला बहुतेक कडधान्यांत 75 टक्के उगवण लागते, घरच्या जुन्या वाणाला तीस-चाळीस दाणे उगवले तरी पुष्कळ. ते वेगळे लावा, पानं निरखा, आणि निरोगी निघतील त्यांनाच चिंधी बांधा.

खानापूर_शिवार

वीस वेल, मूठभर शेंगा. हे होण्यासारखं आहे. राखणीचं मात्र कुणी बोललं नाही. माकडांना वाळत आलेली शेंग जास्त आवडते, आणि जानेवारीत बांधावर माणूस बसवणं मला परवडत नाही. ज्यांच्याकडं जंगलकडेची शेती आहे त्यांनी काय करता ते लिहा. शेंग पिवळी पडल्यावर तोडून सावलीत वाळवली तर बी धरतं का?

बीजपारख

धरतं. शेंगेचा हिरवेपणा पूर्ण गेला असेल आणि आतला दाणा आपल्या रंगावर आला असेल, तर तोडून, शेंगेतच ठेवून, वाऱ्याच्या जागी वाळवा. सोलायची घाई करू नका. हिरवट शेंग मात्र वाळवली तर दाणा सुरकुततो, तो पेरू नये.