मदत हवी आहे: आई विमानाने येतेय, नऊवारीत जमेल का?

कोयनाकाठ
आई पहिल्यांदाच विमानात बसणार आहे. ती नऊवारी नेसते. कागदपत्रं झाली, बॅगा भरल्या आणि आज फोनवर विचारते, "मी नेसू काय?" दोन तास नेटवर शोधतोय, सगळीकडे लेगिंग आणि जॅकेट. कोणाची नऊवारीतली आई किंवा आजी लांबच्या प्रवासाला गेली असेल तर लवकर सांगा. शनिवारी निघायचंय.

माधवी_ठाणे
कुठून कुठे? थेट विमान आहे की मध्ये बदलायचंय? सोबत कोण? वय, तब्येत? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

घाटमाथा
सरळ पंजाबी ड्रेस शिवून घ्या, सैल सलवारीचा. माझ्या सासूबाई आधी नाही म्हणाल्या, दुबईला गेल्या आणि आता घरीसुद्धा तोच घालतात.

कोयनाकाठ
मुंबई ते फ्रँकफर्ट, तिथून शिकागो. कराडहून एकटी येतेय. वय ७१. पंजाबी ड्रेस तिने कधी घातला नाही आणि घालणार नाही, तो विषय नको.

प्रवासी_पक्षी
फ्रँकफर्टला उतरणार म्हणजे जर्मनीचा ट्रान्झिट व्हिसा काढलात का?

माधवी_ठाणे
पक्षी, अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर विमान बदलण्यापुरता तो लागत नाही. आधीच घाईत असलेल्या माणसाला घाबरवू नका.

उमाकाकू
मी स्वतः नऊवारीतली. लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेले होते, म्हणून लिहिते. चालायला, जिन्याला, बसायला नऊवारीसारखं दुसरं काही नाही. अडचण एकाच ठिकाणी येते, विमानातल्या संडासात. कासोटा सोडायचा, पुन्हा खोचायचा, तर तिथे कोपर फिरवायला जागा नसते आणि खाली ओलं असतं. जाताना मी नऊवारी नेसले आणि संडासाला जायला नको म्हणून पाणीच प्यायले नाही. उतरले तेव्हा डोकं ठणकत होतं, ओठ फुटले होते. येताना सहावारी गोल नेसले, सुती आणि मऊ. परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक घालून घेतलं. मग दर दोन तासांनी उठले, पाणीही प्यायले. आईंना प्रवासापुरती सहावारी नेसायला सांगा. माझं नाव सांगितलंत तरी चालेल.

घाटमाथा
म्हणजे बदलायचंच आहे ना? मग ड्रेसला काय हरकत?

उमाकाकू
पदर असतो हो. परक्या माणसांच्या मध्ये झोपायचं असतं. पदर अंगावर घेतला की बाईला झोप लागते.

विमानवेडा
विमान कंपनीत होतो, म्हणून कापडाचं सांगतो. साडी, परकर, ब्लाउज सगळं सुती असू द्या. नायलॉन, पॉलिएस्टर आगीच्या धगीने वितळून कातडीला चिकटतं, सुताचं तसं होत नाही. संकटात घसरगुंडीवरून उतरावं लागतं, त्यामुळे पायात मागे पट्टा असलेली सपाट चप्पल किंवा बूट हवेत आणि विमान सुटताना व उतरताना ते पायातच राहू द्यावेत. पाय सुजतात, तेव्हा नवी घट्ट चप्पल नको.

माधवी_ठाणे
सुरक्षा तपासणीचं कोणी बोललंच नाही. मुंबईत बायकांना पडद्याआड महिला जवानच तपासतात, तिथे काळजी नाही. भारतातून आलेल्यांची तपासणी फ्रँकफर्टला पुन्हा होते. कमरेला निऱ्यांचा जाड थर असतो, यंत्र तिथे खूण दाखवतं, मग बाई कर्मचारी हाताने चाचपतात. हे आईंना आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे तिथे त्यांना आपलं काही चुकलं असं वाटणार नाही. शाल, स्वेटर काढून ट्रेमध्ये ठेवायचे. पिना कमीत कमी लावा. पाटल्या निघत असतील तर घरीच ठेवा.

सोनचाफा_नाशिक
दागिने नेणार असाल तर जाताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना हे सोनं इथलंच आहे असं दाखवता येतं. आणि खाऊत ताजा कढीपत्ता देऊ नका, अमेरिकेत चालत नाही. लोणचं हातातल्या बॅगेत नको, ते द्रव पदार्थात धरतात.

कोयनाकाठ
लोणच्याचं मी विचारलेलं नाही. पण काढायला सांगतो, तिने खरंच पिशवीत ठेवलंय. पाटल्या तीस वर्षांत निघालेल्या नाहीत. थंडीचं काय? इथे शिकागोत सध्या रात्री उणे दहा. आणि व्हीलचेअर सांगितलेली नाही, ती चांगली चालते.

माधवी_ठाणे
चालत असल्या तरी व्हीलचेअर आजच सांगा! कंपन्या साधारण ४८ तास आधी कळवा म्हणतात. फ्रँकफर्टचा विमानतळ प्रचंड आहे. भाषा न येणाऱ्या माणसाला एका विमानातून दुसऱ्यापर्यंत हाताला धरून नेणारं कोणी मिळतं, हा त्याचा खरा उपयोग. न निघणाऱ्या पाटल्यांचं अवघड नाही, हातातलं यंत्र फिरवून बघतात. इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून द्या: मी एकटी आहे, मराठी बोलते, माझ्या बांगड्या निघत नाहीत, मुलाचा फोन अमुक.

विमानवेडा
थंडीसाठी एक जाड कोट नको, एकावर एक घाला. सहावारीच्या परकराखाली थर्मलची विजार सहज बसते. वर पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, बटणांचा स्वेटर, शाल. जाड कोट तुम्ही विमानतळावर घेऊन जा. आणि पोटरीचे दाबाचे मोजे घ्याच. नऊ-नऊ तासांची दोन विमानं आहेत. इतका वेळ बसून पायात रक्ताची गुठळी होऊ शकते.

डॉ_गल्लीतला
"घ्याच" असं सरसकट सांगू नका. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील किंवा मधुमेहाने पायाची जाणीव कमी झाली असेल तर हे मोजे त्रासाचे ठरतात. मधुमेह आहे का?

कोयनाकाठ
आहे. गोळ्या चालू आहेत. हे आधीच लिहायला हवं होतं.

डॉ_गल्लीतला
मग उद्या कराडमध्येच तिच्या डॉक्टरांकडून पायाच्या नाड्या बघून घ्या. त्यांनी हो म्हटलं तरच मोजे. गोळ्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत. घोटे फिरवणं, अधूनमधून उठून चालणं मात्र करायचंच.

विमानवेडा
मान्य. माझ्या वडिलांना काही त्रास झाला नाही, म्हणून ठामपणे लिहिलं.

रानजाई
साडीला खिसा नाही हा सगळ्यात मोठा घोळ. आई पैसे, चाव्या कनवटीला लावत असणार. पासपोर्ट तिथे राहत नाही. गळ्यात अडकवायची सपाट कापडी पिशवी शिवून घ्या, पासपोर्ट आणि बोर्डिंग पासपुरती, पदराआड राहते.

कोयनाकाठ
आईशी बोललो. व्हीलचेअर सांगितली. उमाकाकूंचं संडासाचं वाचून दाखवलं, तर एकदम म्हणाली, "हे मी तुला कसं विचारणार होते?" तिला तीच काळजी होती आणि मी कापडाचे रंग सांगत बसलो होतो. सहावारी नेसेल, वहिनीची आहे. नऊवारी हातातल्या बॅगेत ठेवणार आहे, घरी पोचल्यावर आधी ती नेसणार म्हणते. काकू, तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.
आता एकच. डॉक्टरांनी मोजे चालतील म्हटलं तर जोडव्यांचं काय? ती काढणार नाही.

उमाकाकू
त्यांनाही माझा नमस्कार. जोडव्यांवर घट्ट मोजा चढवू नका, बोटाला रुततं. बोटं उघडी असणारे मोजे मिळतात, मी तेच घातले होते. औषधाच्या नाही, सर्जिकल सामानाच्या दुकानात विचारा. माप सकाळी उठल्याउठल्या घ्यायचं, पाय सुजायच्या आधी. घोट्याचं आणि पोटरीचं, दोन्ही.