दगडी वाफ्यात केरेक्स टिकेल का? (सोलापूर)

प्रश्न: केरेक्स 'एव्हरगोल्ड' या गवतासारख्या शोभेच्या झाडाची रोपं आणलीत. दगडी वाफा पश्चिमेला, माती काळी. लावू का?

उत्तर: पश्चिमेला नकोच. मे महिन्यात पारा ४०च्या वर, दगड रात्रीपर्यंत तापलेले, मुळं शिजतील. मूळ जात जपानमधली, सावलीची. पूर्वेला दगडाच्या आडोशाला लावा, कोवळं ऊन पुरे. काळी माती फूटभर काढाच: पावसात पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. दोन भाग मुरूम, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत.

उत्तर: शेणखत चाळून घ्या, त्यातून नागरमोथा या तणाच्या गाठी येतात. नुसतं उपटलं तर गाठ खाली राहून पुन्हा फुटते. केरेक्स बुडापासून छाटू नका, सुकी पानं बोटांनी विंचरून काढा.

उत्तर: शेंडे करपले तर बोअरच्या पाण्यातले क्षारही बघा. अधूनमधून पावसाचं साठवलेलं पाणी भरपूर सोडा, क्षार धुऊन जातात.