हाताशी बचत असताना कार्डाचं व्याज का भरत राहायचं?

शिल्लकबाकी (धागाकर्ती)

दोन वर्षं मी एक चूक करत होते. इथे सविस्तर लिहितेय, कारण माझ्या ओळखीतले तीन-चार जण आजही तेच करताहेत. माझी दीड लाखाची मुदत ठेव होती आणि क्रेडिट कार्डावर एक लाखाचं देणं. ठेवीवर वर्षाला ७ टक्के यायचे, कार्डावर महिन्याला ३ टक्के जायचे. ठेवीला हात लावायचा नाही, अडीअडचणीला असू दे, असं मनाशी पक्कं होतं. कार्डाचं बिल एकदाही चुकवलं नाही, याचं समाधानही होतं.

मग एका रात्री सगळी स्टेटमेंट्स काढून बसले. बिलावर 'किमान देय रक्कम' छापलेली असते, माझ्या कार्डावर ती थकबाकीच्या ५ टक्के. तेवढीच मी भरत आले होते. पहिल्या महिन्यात एक लाखावर ३,००० व्याज लागलं, बिल झालं १,०३,००० आणि मी भरले ५,१५०. त्यातून मुद्दल फिटलं फक्त २,१५०. पुढच्या महिन्यात किमान रक्कम जराशी उतरली, मीही तेवढंच कमी भरलं. नवीन खरेदी शून्य. चोवीस महिन्यांची बेरीज केली तर भरलेले पैसे ९७ हजारांच्या वर आणि देणं अजून ५९ हजार! दोनदा बेरीज तपासली, आकडा तोच.

दुसऱ्या दिवशी ठेव मोडली आणि ५९ हजार एकरकमी भरले. मुदतीआधी मोडल्याचा थोडा दंड बसला. पण त्या ५९ हजारांवर ठेवीत महिन्याला साडेतीनशेच्या आत व्याज मिळत होतं आणि तेवढ्याच रकमेवर कार्डाला पावणेअठराशे जात होते. माझं स्पष्ट मत आहे: महागडं देणं डोक्यावर असताना साठवून ठेवलेला पैसा ही बचत नाहीच. तुम्हाला काय वाटतं?

वहीतलंपान

ताई, हिशेब चोख आहे, निष्कर्ष मात्र पटला नाही. मी नेमकं तुम्ही म्हणता तसंच केलं होतं. होती नव्हती ती सगळी शिल्लक कार्डाच्या देण्यात भरली आणि चार महिन्यांनी नोकरी गेली. म्हटलं, कार्ड तर आता रिकामं आहे, वेळ पडली तर वापरू. त्याच सुमारास कार्ड देणाऱ्या बँकेनं त्याचं लिमिट एकदम खाली आणलं. उत्पन्न थांबलेल्या माणसाला नवीन कर्ज सहजी कोणी देत नाही, आणि जो देतो तो आपल्या अटींवर देतो. मला '१२ टक्के फ्लॅट' म्हणून वर्षभराचं कर्ज मिळालं. फ्लॅट म्हणजे दर महिन्याला मुद्दल फिटत असलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर. दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर मांडलं तर तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. हे मला सही केल्यानंतर कळलं.

तुमच्याकडे देणं फेडूनही ९० हजार उरले, म्हणून तुम्हाला हे सोपं गेलं. ज्याच्याकडे एकूण ४० हजारच आहेत त्याला हा सल्ला देऊ नका. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला राहिलाच पाहिजे, कार्डाचं व्याज कितीही टोचलं तरी. तहान लागल्यावर विहीर खणायची पाळी येते, ती मी भोगलीय.

शिल्लकबाकी

दादा, तुमच्यावर आलेला प्रसंग कमी लेखत नाही. माझ्याकडे शिल्लक उरणार होती, हे मी मूळ लेखात ठळकपणे लिहायला हवं होतं, ते मान्य. पण तीन महिन्यांचा आकडा मला जड वाटतो. महिन्याला ३ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीस टक्के होतात. हे देणं असताना तीन महिन्यांचा खर्च जमवत बसलं तर जमेपर्यंत हे व्याज भरतच राहावं लागतं. एका महिन्याचा अगदी अत्यावश्यक खर्च ठेवावा, भाडं, किराणा, औषधं एवढाच, आणि बाकी सगळं देण्यात घालावं. देणं संपलं की जो पैसा हप्त्यात जात होता त्यातून गंगाजळी भरायला वेळ लागत नाही.

वहीतलंपान

ज्याचा पगार नियमित येतो त्याच्यासाठी एक महिना कदाचित चालेल. ज्याचं काम कधी असतं, कधी नसतं, त्याच्यासाठी नाही. माझं मत तीनच.

पाऊलवाट

दोघेही एकाच कर्जाचं बोलताय. माझ्याकडे पाच होती: दोन कार्डं, एक वैयक्तिक कर्ज, वस्तूचा हप्ता आणि नातेवाइकाकडून घेतलेले हातउसने. सगळ्यात महाग व्याजाचं आधी फेडा, असं गणित सांगतं. मी वर्षभर तसंच करत होते. सगळ्यात महाग तेच नेमकं सगळ्यात मोठं. वर्षाअखेर पाचच्या पाच देणी जागच्या जागी. मग व्याजाचा विचार सोडून सर्वांत लहान दोन देणी तीन महिन्यांत संपवली. दर महिन्याला पाच तारखा सांभाळायच्या त्या तीनवर आल्या, तेव्हा कुठे नीट झोप लागायला लागली.

हा केवळ माझा अनुभव नाही. डेव्हिड गाल आणि ब्लेक मॅकशेन यांचा २०१२ सालचा अभ्यास आहे. कर्ज देणाऱ्यांशी तडजोड करून देणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. एकूण खात्यांपैकी ज्यांची जास्त खाती बंद झाली होती, ते पूर्ण कर्जमुक्त होण्याची शक्यता अधिक दिसली, मग बंद झालेली खाती रकमेने लहान का असेनात.

मुद्दलराव

पाऊलवाट, मनाला उभारी मिळते हे खरं, पण तिची किंमतही मोजा. ३ टक्क्यांचं मोठं देणं बाजूला ठेवून १ टक्क्याचं लहान आधी फेडलं, तर त्यात घातलेल्या दर हजारामागे महिन्याला २० जादा जातात. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न असेल तर जाऊ द्या. वर्ष लागणार असेल तर नको.

आणि धागाकर्तीला एक सांगायचंय. तुमची खरी चूक ठेव न मोडण्याची नव्हती, घटत्या रकमेची होती. पहिल्या महिन्यात भरलेले ५,१५० तुम्ही दर महिन्याला तसेच भरत राहिला असतात, तर चोवीस महिन्यांनी ५९ नव्हे, २६ हजार उरले असते आणि तिसाव्या महिन्यात देणं संपलं असतं. ठेवीला हातही न लावता. बिलावरची किमान रक्कम दर महिन्याला उतरते आणि माणसाला वाटतं, ओझं हलकं होतंय. ज्याच्याकडे मोडायला ठेवच नाही, त्याने निदान एवढं करावं: पहिला आकडा लिहून ठेवावा आणि त्याच्या खाली यायचंच नाही.

शिल्लकबाकी

हा हिशेब मी मांडलाच नव्हता. आत्ता वही काढून महिन्यागणिक करून पाहिला, बरोबर आहे. ठेव मोडण्याबाबतचं माझं मत बदललेलं नाही, पण लेखाची सुरुवात मी इथून करायला हवी होती.

एक राहिलं. बहुतेक कार्डांवर मागची थकबाकी असेल तर नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. म्हणून थकबाकी असेपर्यंत ते कार्ड पाकिटात नको. माझं मी कपाटात ठेवलं आणि मोबाइलवर साठवलेला त्याचा नंबरही काढून टाकला.

नुसतीवाचक

इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझ्याकडे दोन कार्डं आहेत, घरी एकच माहीत आहे. दुसऱ्याचं बिल ईमेलवर येतं आणि मी ते उघडतही नाही. ऑटोडेबिट 'किमान रक्कम' वर आहे. ठेव आहे, पण ती दोघांच्या नावावर, न सांगता मोडता येणार नाही. मी काय करू?

वहीतलंपान

ताई, तुमच्या बाबतीत एक महिना की तीन महिने हा वाद नंतर. आधी तो ईमेल उघडा. कागदावर तीनच आकडे लिहा: एकूण थकबाकी, व्याजदर आणि या महिन्याची किमान रक्कम. मग घरी बोला, आणि बोलताना तो कागद समोर असू द्या. मी लपवलं होतं तेव्हा घरच्यांना कर्जापेक्षा लपवल्याचं जास्त लागलं. ठेवीचं दोघांनी मिळून ठरवा.

मुद्दलराव

सहमत. आणि ऑटोडेबिट आजच बदला, त्याला कोणाची सही लागत नाही.

नुसतीवाचक

उघडला. ८३ हजार आहेत. मला ६० वाटत होते. ऑटोडेबिटला 'किमान'ऐवजी ५ हजारांची ठरावीक रक्कम टाकली. कागद लिहून पर्समध्ये ठेवलाय. रविवारी दोघंही घरी असतो, तेव्हा बोलेन.