४जी फोनलाही नकली टॉवर फसवू शकतो

'४जी सिम असेल तर नकली टॉवरची भीती नाही' हे अर्धंच खरं आहे. नकली टॉवर म्हणजे खऱ्या मोबाइल टॉवरचं सोंग घेऊन फोनला स्वतःशी जोडून घेणारं यंत्र. २जीमध्ये नेटवर्क फोनची ओळख तपासतं, फोन मात्र टॉवरची तपासत नाही. ३जीपासून ही तपासणी दोन्ही बाजूंनी होते, इथपर्यंत बरोबर. पण ती पूर्ण होण्याआधीही बरेच संदेश जातात-येतात, आणि ते उघडे असतात. नेमक्या त्याच वेळी नकली टॉवर ४जी सेवा नाकारून फोनला २जीवर ढकलू शकतो.

मला जास्त काळजी वाटते ती मोडेमची, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या फोनमधल्या चिपची. अँड्रॉइड किंवा आयओएसखेरीज फोनमध्ये मोडेमचं स्वतःचं फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) चालतं, आणि हवेतून आलेला प्रत्येक संदेश आधी तेच वाचतं. संदेशातल्या एखाद्या भागाची लांबी तपासायची राहून गेली, की हल्लेखोराला मेमरीत ढवळाढवळ करता येते. सुरक्षा संशोधक राल्फ-फिलिप वाइनमान यांनी २०१२ च्या शोधनिबंधात हेच मांडलं होतं. पुढे मार्च २०२३ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटाने सॅमसंगच्या एक्झिनोस मोडेममधल्या १८ त्रुटी जाहीर केल्या. त्यातल्या चार त्रुटी वापरायला तर नकली टॉवरही लागत नव्हता! फोन नंबर माहीत असला की पुरे, समोरच्याने काही दाबायचीही गरज नाही.

अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये २जी बंद करायची सोय आहे, ती जरूर वापरा. मोडेममधल्या चुकीवर मात्र अपडेट हाच उपाय. म्हणून अपडेट थांबलेला जुना फोन 'नुसत्या कॉलसाठी चालेल' म्हणून घरातल्या कुणाला देऊ नका. धोका नेमका कॉलच्याच वाटेने येतो.